मागून येणारा ट्रक

अस्वल समोरून येतं, ट्रक मागून येतो. माझ्या सगळ्या नोकरीचं सार एवढंच आहे. पण दिवाळी अंकवाल्यांना तेवढ्यानं भागत नाही, चार पानं पाहिजेत म्हणतात, म्हणून बसलो लिहायला. चौथीपर्यंत शिकलो. पुढं मास्तर बदलून गेला आणि त्याच्यामागं माझी शाळाही गेली. देवका, म्हणजे माझी बायको, सातवी पास होती आणि ते मला महिन्यातून एकदा तरी ऐकवायची. ती असती तर मी सांगितलं असतं आणि तिनं लिहिलं असतं. ती गेली, त्याला दोन पावसाळे झाले. आता जसं येते तसं लिहितो. वाकडं दिसलं तर सरळ करून वाचा.

लोक मला विचारतात, इतकी वर्षं जंगलात एकटा मोटरसायकलनं फिरलात, भय नाही वाटलं? वाटलं ना. न वाटायला मी काय दगड होतो? पण जंगलातलं भय आणि डांबरी रोडवरचं भय यात फरक आहे. जंगलातलं भय संध्याकाळी घरी आलं की उतरत होतं. रोडचं भय माझ्यासोबत जेवायला बसायचं.

मी दवा पोचवणारा माणूस. डॉक्टर नाही, कंपाउंडरही नाही. चंद्रपूरला रफिकभाईंचं औषधाचं ठोक दुकान होतं आणि गडचिरोलीत त्यांचं गोदाम. तिथून माल उचलायचा आणि धानोऱ्याच्या पुढं पेंढरी, मुरूमगावच्या बाजूला जे लहान दवाखाने आणि दुकानं होती तिथं नेऊन द्यायचा. गोळ्या, सलाईन, पट्ट्या, आणि बर्फाच्या डब्यात सापाच्या विषावरची सुई. डब्याभोवती धानाचा कोंडा आणि वरून ओलं पोतं. बर्फ वितळायच्या आत पोचायचं, एवढंच काम. सांगायला सोपं आहे.

गाडी जुनी होती, फटफट आवाजाची. मिस्त्रीनं ती जंगलासाठी बदलून दिली होती. समोरचं मडगार्ड वर उचललं, नाहीतर चिखल भरून चाक जाम होते. सायलेन्सर वाकवून वर केला, म्हणजे नाल्यात पाणी शिरत नाही. टायर जाड दातांचे, ट्रॅक्टरच्या टायरचे लहान भाऊ शोभतील असे. आरसे पहिल्याच आठवड्यात बांबूच्या फांद्यांनी फोडले, ते मी पुन्हा लावलेच नाही. मागं पाहायचं काय कारण? मागं माझीच धूळ.

अशी गाडी बसून चालवायची नसते. पायदानावर उभं राहायचं, गुडघे सैल सोडायचे आणि गाडीला खालच्या खाली नाचू द्यायचं. रेतीत रेस कमी केली की पडलास. समोरचा ब्रेक दाबायचाच नाही. वळणावर पाय काढून जमिनीला लावायचा. नजर चाकाच्या थोडी पुढं, कारण मुळी, दगड, साप, सगळं खालीच असते. आणि सगळ्यांच्या वरचा नियम म्हणजे, समोरून धानाची भरलेली बंडी आली किंवा बांबूचा ट्रक आला तर वाट आपण सोडायची. बैल मागं सरत नाहीत आणि बांबूच्या ट्रकला वळता येत नाही. मोटरसायकलवाल्यानं झुडपात उतरायचं, तो गेला की पुन्हा वर यायचं. तिकडची रीतच तशी. जो वाट सोडत नाही त्याला लोक अडाणी म्हणतात.

आणि अस्वल दिसलं तर गाडी बंद करून थांबायचं. मोहाच्या दिवसांत एकदा पेंढरीच्या अलीकडं मादी अस्वल वाटेत बसून मोहफुलं खाऊन राहिली होती. मी गाडी बंद केली. ती माझ्याकडं पाहे, मी तिच्याकडं. माझ्या पाठीवरून घाम खाली उतरला, तो मला एकेक थेंब कळत होता. मागं डब्यात बर्फ वितळत होता. तिनं पोटभर खाल्लं, मग ढुंगण फिरवून निघून गेली. थांबलो म्हणून वाचलो. वाट सोडणं आणि थांबणं, या दोन गोष्टींवर मी तिथं जगलो.

गिऱ्हाइकंही मजेदार होती. एका गावात गोंडांचा गायता होता, म्हणजे देवाचं करणारा. तापाच्या गोळ्या तो माझ्याकडून मागवून घेई. मी म्हटलं, "बाबा, तुमी तर मंतर मारता, मंग गोळ्या कायले?"

तो म्हणाला, "मंतर माझा, गोळी तुझी. माणूस बरा झाला का मंतरानं झाला, अन् मेला का तुझ्या गोळीनं."

"अन् हे मले तोंडावर सांगता?"

"तुलेच सांगतो. गावात सांगत नाई."

रस्त्यात बंदूकवालेही अडवत, कधी या बाजूचे, कधी त्या बाजूचे. खोकं उघडून पाहत. दवा आहे म्हटलं की जाऊ देत. पण खोकं उघडून पुन्हा बांधेपर्यंत माझं तोंड कोरडं पडत होतं. तरी मी ते काम सोडलं नसतं. सोडलं ते देवकाच्या पायामुळं.

तिला साखरेची बिमारी होती. आम्ही धानोऱ्याला राहत होतो. सरपणाला गेली असता कापलेल्या बांबूचा खुंट तिच्या तळव्यात घुसला आणि तिला कळलंच नाही. साखरवाल्यांच्या पायाला कळत नाही म्हणतात. वास आला तेव्हा कळलं. चंद्रपूरच्या डॉक्टरनं पाय पाहिला आणि तिच्यासमोरच मला सांगितलं, "दिवसाआड माझ्याकडं ड्रेसिंग करायचं, रोज सुई घ्यायची, सुई थंडीत ठेवायची. पायाला मार लागू द्यायचा नाही, ठेचसुद्धा नाही. यात हयगय झाली तर पाय कापावा लागेल."

देवका बाहेर आल्यावर म्हणाली, "पाय कापला तर सारवन कोण करन? तुमी?"

धानोऱ्यात त्या वेळी लाइट असली तर असली. थंडीत सुई कुठं ठेवता? मी रफिकभाईंकडं गेलो. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "दौलतभाऊ, चंद्रपूर-वरोरा लाइन खाली हाय, तिथी माणूस पाह्यजे. भद्रावतीले माझ्या मावशीच्या इथं खोली हाय, फ्रीज हाय. तुमी तिथी राहा. पण एक हाय, गाडी रोडची राहीन. चलाना आयेगा ना?"

मला हसू आलं. नाले पार करणाऱ्या माणसाला हे विचारतात, गुळगुळीत रोडवर गाडी जमेल का!

नवीन गाडी बुटकी आणि चकचकीत होती. टायर इतके बारीक की सायकलचे वाटावे. आवाज तर नाहीच. जंगलात मी अर्धी गाडी कानानं चालवत होतो, इंजिन कसं ओरडते त्यावरून चाकाखाली काय आहे ते कळत होतं. ही बाई तर बोलतच नव्हती. दुकानासमोरच मी सवयीनं पायदानावर उभा राहिलो, तर नाक्यावरची माणसं हसायला लागली. एकजण ओरडला, "काका, कुठी झेंडावंदन हाय काय?" पुढं वळणावर पाय खाली लावला, तर चप्पल मागं राहिली आणि मी पुढं गेलो. समोरचा ब्रेक जरासा दाबला तर गाडीनं असं डोकं खाली घातलं की मी टाकीवर आलो. पहिल्या दिवशी तिनं मला लाजवलं, बस. भय दुसऱ्या दिवशी सुरू झालं.

नागपूर रोडवर त्या वेळी कोळशाचे ट्रक एकामागून एक धावायचे. मी भद्रावतीच्या पुढं वरोऱ्याकडं चाललो होतो, मागं सलाईनची खोकी बांधलेली. मागून हॉर्न वाजला. असा हॉर्न मी आयुष्यात ऐकला नव्हता, छातीच्या हाडात वाजला. माझ्या हातांनी मला विचारलंसुद्धा नाही. त्यांनी वाट सोडली.

डांबराच्या कडेला साइडपट्टी असते, ती डांबरापेक्षा वीतभर खाली आणि सगळी गिट्टी. बारीक टायर गिट्टीत फिरले. मी सांभाळलं, जंगलातला माणूस, आणि तसाच तिरपा पुन्हा वर चढवायला गेलो. चाक डांबराच्या कडेला घासत राहिलं, वर काही चढेना. गाडी आडवी झाली, मी डांबरावर पालथा पडलो आणि ट्रक माझ्या डोक्यापासून एवढा दूर गेला की टायरची गर्मी कानाला लागली. तो थांबला नाही. सलाईनच्या बाटल्या फुटून पाणी रोडवर वाहत होतं. मी उठून बसलो आणि पहिली गोष्ट काय पाहिली, तर माझी डावी बाजू. बाई साडी नेसून गाडीवर एका बाजूला बसते, तिचे पाय डावीकडं राहतात. ज्या बाजूला मी खाली उतरलो होतो, त्याच बाजूला. देवका मागं असती तर तिचा पाय त्या गिट्टीत गेला असता.

रफिकभाई चिडले नाहीत. तेच जास्त लागलं. "जंगलचे राजा तुमी, अन् रोडवर बकरा," ते म्हणाले. "और एक बार ऐसा हुआ, तर मी तुमाले धानोरा लाइनवर परत पाठवीन. फुटलेल्या मालासाठी नाई म्हणत. तुमच्या बायकोले काय तोंड दाखवू?"

धानोऱ्याला परत म्हणजे पाय गेला. हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

देवकाला ड्रेसिंगसाठी मी बसनं चंद्रपूरला पाठवत होतो. बसमध्ये काय असते तुम्हाला माहीतच आहे. तिसऱ्या खेपेला एका माणसानं गर्दीत तिच्या पट्टीवर पाय दिला. तिला दुखलं नाही, दुखतच नव्हतं, तिनं रक्त पाहिलं तेव्हा कळलं. त्या दिवशी देवका म्हणाली, "आता बस नाई. तुमी दुकानात जाताच ना रोज? मले मागं बसवा."

मी म्हटलं, "मागं नाई बसवत."

"काऊन?"

"मले भेव लागते."

पन्नाशीला आलेला माणूस, अस्वलापुढं उभा राहिलेला, बायकोला हे सांगतो. ती हसेल वाटलं. हसली नाही. "मंग भेव घेऊनच चालवा," म्हणाली. "भेव जाईपरेंत थांबलो, तर पाय थांबनार नाई."

त्या आठवड्यात चहाच्या टपरीवर मला बंडू भेटला. कोळशाच्या ट्रकचा ड्रायव्हर, दाढी वाढलेला, पण वयानं माझ्या पुतण्याएवढा. माझी गाडी ओळखून म्हणाला, "काका, एक सांगा मले. तुमी मले पाहून खाली पळता काऊन? मी काय वाघ हाओ?"

मी म्हटलं, "वाघ असता तर बरं होतं. वाघ मागून हॉर्न नाई वाजवत."

टपरीवाले हसले. तोही हसला. मग बशीतला चहा संपवून नीट बोलला. "इतका कोळसा हाय माझ्या मागं. ब्रेक मारला तरी गाडी तिच्या मनानं थांबते, माझ्या नाई. मी फकत एवढंच पाह्यतो, समोरचा सरळ हाय का नाई. तुमी सरळ राह्यले, तर मी बाजूनं काढतो. तुमी खाली उतरले अन् मंग अचानक वर आले, तर मी कुठी जाऊ? हॉर्न म्हंजे 'पळ' नाई हो काका. हॉर्न म्हंजे 'मी आलो, तू आहे तसाच राय'."

एवढं सोपं मला कोणी सांगितलं नव्हतं. जंगलात वाट सोडली की जीव वाचतो. रोडवर तीच वाट धरून ठेवली तर वाचतो. डोक्याला पटलं. हातांना कोण पटवणार?

देवकाला बसवलं. पायावर जुन्या साडीची गादी बांधली, वरून पिशवी, वरून दोरी. पाय असा दिसे जसा काही फणसच घेऊन चाललो. ती माझ्या पट्ट्याला धरून बसली आणि म्हणाली, "सांगून ठेवतो, तुमी रस्ता सोडला का मी उडी मारीन." तिच्या गावाकडं बायाही 'सांगतो, जातो' असंच बोलतात.

खरं सांगतो, त्या दिवसांत सकाळी उठलो की पहिले माझं पोट बिघडे. अंथरुणातूनच मोठ्या रोडवरचे ट्रक ऐकू येत आणि मी ते मोजायचो नाही, पण ऐकायचो. हात गार पडत. गाडीवर बसलो की आरशात पाहायची हिंमत होत नव्हती, आरशात मला माझं कोपरच दिसे. मग मागचं कोण पाहणार? देवका पाहू लागली. ट्रक आला की तिचा हात माझ्या पट्ट्यावर घट्ट होई आणि ती कानाजवळ म्हणे, "आला. येऊ द्या त्याले. नका जाऊ खाली." ट्रक बाजूनं जाताना वारा आधी ढकलायचा, मग ओढायचा. डोळ्यात कोळसा जायचा. माझे दोन्ही हात डावीकडं ओढत आणि मी त्यांना धरून ठेवी. हँडल मी धरत नव्हतो, मी माझेच हात धरत होतो.

असा पावसाळा गेला. एक दिवस नाल्याच्या पुलावर अडकलो. पूल जुना आणि अरुंद, कठडे तुटलेले, खाली गढूळ पाणी. आम्ही अर्ध्यात असताना समोरून ट्रक पुलावर चढला आणि त्याच वेळी मागून बसनं हॉर्न दिला. उतरायला साइडपट्टी नव्हती, झुडूप नव्हतं, काहीच नव्हतं. माझं सगळं अंग म्हणालं, थांब. अस्वलापुढं थांबलास तसा थांब. हात क्लचवर गेलासुद्धा. मी वाट पाहिली की देवका बोलेल. ती बोलली नाही. पट्ट्यावरचा हातही हलला नाही.

तेव्हा मला बंडूचं आठवलं, आहे तसाच राय. मी क्लच सोडला आणि रेस तेवढीच ठेवली. नजर चाकापुढून उचलली आणि पुलाच्या शेवटी जिथं डांबर पुन्हा रुंद होते तिथं नेऊन ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा इतकं दूर पाहत गाडी चालवली. समोरचा ट्रक उजव्या कोपराला लागूनच गेला, त्याच्या फाळक्याची साखळी माझ्या बाहीला घासली. डावीकडं देवकाचा पाय पाण्यावर लोंबकळत होता. मागची बस थांबली होती का येत होती, मला माहीत नाही. मी सरळ राहिलो.

पूल संपल्यावर थोडं पुढं गाडी उभी केली. उतरलो आणि तिथंच बसलो. देवका गाडीवरच होती. पट्टी पाहिली. कोरडी.

मी म्हटलं, "तू बोलली काऊन नाई?"

ती म्हणाली, "काय बोलू? माझे तर डोळे बंद होते."

"आता बंद केले?"

"आता नाई. पहिल्या दिवसापासूनच. आवाज ऐकून सांगतो मी तुमाले, आला म्हणून. पुलावर दोन्हीकडून आवाज आले, तं मले समजलंच नाई."

इतके दिवस मला वाटे ती निधड्या छातीची आहे आणि मी भित्रा. दोघंही भीत होतो. तिनं पदर तोंडाला लावला, मला वाटलं रडते, तर हसत होती. मीही हसलो. जाणारी बस आमच्याकडं पाहत गेली. दोन म्हातारी माणसं रोडच्या कडेला बसून काऊन हसून राहिली, असं त्यांना वाटलं असेल.

थंडी येता येता जखम भरली. करंगळी गेली, पाय राहिला. डॉक्टर म्हणाला, "मावशी, नशीब चांगलं." ती म्हणाली, "नशीब कायचं? याईनं रस्ता नाई सोडला." मी तिथं मान खाली घातली. जंगलात कोणी मला असं म्हटलं असतं तर शिवी वाटली असती.

त्यानंतर पुष्कळ वर्षं मी त्या लाइनवर राहिलो. दवा पोचवली, पडलो नाही. तरुण पोरं पडताना पाहिली. बंडूचा ट्रकही एक दिवस उलटा पडलेला पाहिला, तो मात्र पाय मोडून वाचला. भय काही गेलं नाही. रोज सकाळी तसंच, पोटापासून. जंगल लाइन आठवली की जीव तुटे. तिकडची वाट, मोहाचा वास, तो गायता. पुन्हा कधी जाणं झालं नाही, याचं वाईट वाटते. पण देवका आपल्या दोन पायांनी बाजारात जाई, त्यापुढं ते काही नाही.

ती गेली ती पायाच्या दुखण्यानं नाही. सकाळी उठली, चहा ठेवला, बसली आणि बसलेलीच राहिली. छातीचं होतं म्हणाले.

चौदावं झाल्यावर काही दिवसांनी मी गाडी काढली. काही काम नव्हतं. वरोऱ्याच्या बाजूनं गेलो. रोड आता चार पदरी झाला आहे, ट्रकही वाढले. मागून हॉर्न वाजला. मी वाट पाहिली की आता पोटात गोळा येईल. आला नाही. ट्रक अगदी जवळून गेला. अंगावरचा एक केस हलला नाही. दुसरा गेला. तसंच. हात गार नव्हते, काही नव्हतं. सरळ राहिलो काय आणि नाही राहिलो काय, माझ्या हातांना दोन्ही सारखंच होतं.

असल्या हातांच्या भरवशावर गाडी चालवायची नसते. मी गाडी बाजूला घेतली, बंद केली आणि ढकलत घराकडं निघालो. ऊन चढलं होतं. एक ट्रक हळू झाला, आतून पोरगा वाकला आणि ओरडला, "बाबा, पेट्रोल संपलं का?"

"हाव," म्हटलं.